छोट्या कंपनीत सीआरएम चालू करायचंय? मग या क्रमाने करा

तुम्हाला कंपनीत "आपल्याकडे सीआरएम टाकायचंय, तू बघ" असं सांगितलं असेल, किंवा स्वतःचाच धंदा असेल आणि इन्क्वायऱ्या कुठे गळतात तेच कळत नसेल, तर हे तुमच्यासाठी लिहितोय. सीआरएम म्हणजे ग्राहकाशी झालेलं बोलणं, कोटेशन, ऑर्डर, सर्व्हिस असं सगळं एका जागी, आणि ते कंपनीच्या मालकीचं, कुणा एकाच्या मोबाईलमधलं नाही. धंदा कसा चाललाय त्याचे आकडे पण त्यातूनच निघतात. पण बहुतेक ठिकाणी उलटं होतं, आधी रंगीत डॅशबोर्ड बनतो, मग त्यात भरायला माहितीच नसते, आणि तीन महिन्यांनी सगळे परत डायरी आणि व्हॉट्सॲपवर.

उदाहरण एकच धरू म्हणजे गोंधळ नको. समजा भोसरी एमआयडीसीत एअर कॉम्प्रेसर आणि स्पेअर्सचा डीलर आहे. मालक, दोन सेल्सवाले, ऑफिस सांभाळणाऱ्या एक ताई, दोन सर्व्हिस इंजिनीअर. इन्क्वायऱ्या येतात इंडियामार्टवरून, फोनवर, जुन्या पार्टीच्या ओळखीने, नाहीतर प्रदर्शनात मिळालेल्या कार्डांवरून. तुमचा धंदा वेगळा असला तरी पायऱ्या ह्याच.

आधी सॉफ्टवेअर उघडूच नका

गेल्या महिन्यातली एखादी पूर्ण झालेली ऑर्डर घ्या आणि ती पहिल्या फोनपासून पैसे जमा होईपर्यंत कशी गेली ते कागदावर लिहा. फोन कुणी घेतला, कुठे लिहून ठेवला, साईटवर जाऊन किती सीएफएमचा (मिनिटाला किती घनफूट हवा) कॉम्प्रेसर लागेल ते कुणी बघितलं, कोटेशन कुणी बनवलं, पार्टीने भाव कमी करायला सांगितल्यावर कुणाला विचारलं, पीओ (पर्चेस ऑर्डर) कशावर आली, ॲडव्हान्स कधी, डिस्पॅच कधी, बाकीचं पेमेंट कधी. मग हातातून गेलेल्या दोन-तीन इन्क्वायऱ्यांचं पण असंच लिहा. हे करताना सेल्सवाल्यांना आणि ताईंना शेजारी बसवा कारण मालकांना जी पद्धत माहिती असते ती आणि रोज खरंच चालते ती यात बराच फरक असतो. या कागदावर तुम्हाला दोन गोष्टी स्पष्ट दिसतील, एक म्हणजे काम कुठल्या टप्प्यांतून जातं आणि दुसरं म्हणजे ते कुठे अडून बसतं. बहुतेक वेळा ते कोटेशन पाठवल्यानंतर अडतं, तिथे पुढे कुणी फोनच केलेला नसतो.

कोणतं घ्यायचं

यावर लोक आठवडे घालवतात, तेवढी गरज नाही. सेल्सफोर्स १९९९ मधे सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झालं आणि स्वतःचा सर्व्हर न घेता ब्राउजरमधे महिन्याच्या भाड्याने सॉफ्टवेअर वापरायची पद्धत त्यांनी रुळवली, आज मोठ्या कंपन्यांत तेच जास्त दिसतं, पण सहा माणसांच्या ऑफिसला ते झेपत नाही, पैशांनी पण आणि सांभाळायला पण. आपल्याकडे छोट्या धंद्यांत झोहो भरपूर चालतं, चेन्नईची कंपनी, झोहो सीआरएममधे तीन युजरपर्यंत फ्री एडिशन आहे, आणि त्यांचंच बिगिन नावाचं हलकं सॉफ्टवेअर आहे जे नवख्यांना लवकर समजतं. हबस्पॉटचं पण फ्री व्हर्जन आहे. ऑफिसात थोडं टेक्निकल कळणारं कुणी असेल तर मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट बघा, ते ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला आहे, आणि त्यात सेल्स, स्टॉक, अकाउंट्स सगळं एकत्र येतं. ओडू पण तसंच, मूळ बेल्जियमचं.

निवडताना मी तीनच गोष्टी बघायला सांगेन. मोबाईल ॲप खराब नेटवर्कमधे कसं चालतं, कारण सेल्सवाला चाकण-रांजणगावच्या शेडमधे उभा असतो. आपला सगळा डेटा एका क्लिकवर एक्सेलमधे बाहेर काढता येतो का. आणि चौथा, पाचवा, दहावा युजर वाढवला की महिन्याचं बिल किती होतं. बाकी फीचर्सची यादी वाचत बसू नका. ट्रायल घ्या आणि त्यात खऱ्या दहा इन्क्वायऱ्या टाकून बघा, डेमोतला खोटा डेटा सगळ्याच सॉफ्टवेअरमधे छान दिसतो.

डेटा साफ करणे, इथे घाई अजिबात नको

हे सगळ्यात कंटाळवाणं काम आणि सगळ्यात महत्त्वाचं पण हेच. जुन्या एक्सेल शीट, टॅलीतली लेजरची यादी, सेल्सवाल्यांचे कॉन्टॅक्ट, हे सगळं एका शीटमधे आणा. मग काय दिसतं तर एकच पार्टी तीन नावांनी असते, एकीकडे प्रा. लि. सकट, एकीकडे नुसतं शॉर्ट नाव, एकीकडे परचेसवाल्या माणसाच्या नावाने. हे नावावरून जुळवत बसलात तर वेड लागेल. जीएसटी नंबरवरून जुळवा.

जीएसटी नंबर १५ अक्षरी असतो, पहिले दोन आकडे राज्याचे, म्हणजे महाराष्ट्र २७, गोवा ३०, आणि त्यापुढची दहा अक्षरं म्हणजे त्या पार्टीचा पॅन. म्हणजे एकाच कंपनीचा एक प्लांट पुण्यात आणि एक गोव्यात वेर्ण्याला असेल तर जीएसटी नंबर दोन वेगळे दिसतील पण मधली दहा अक्षरं सारखीच असतील. शीटमधे एक कॉलम वाढवा, एक्सेलच्या मिड फॉर्म्युल्याने तिसऱ्या अक्षरापासून दहा अक्षरं काढा आणि त्या कॉलमवर सॉर्ट करा, विखुरलेल्या पार्ट्या आपोआप शेजारी येऊन बसतात. एवढंच लक्षात ठेवा की एकाच राज्यातले दोन प्लांट बऱ्याचदा एकाच जीएसटी नंबरवर असतात, त्यामुळे चाकणचा प्लांट आणि रांजणगावचा प्लांट डुप्लिकेट समजून एक करून टाकू नका, तिथला परचेसवाला वेगळा, मशीन वेगळी, साईट म्हणून वेगळीच एन्ट्री ठेवा आणि वर मुख्य कंपनी एक.

मोबाईल नंबरचा घोळ वेगळाच. कुठे आधी शून्य, कुठे प्लस ९१, कुठे मधे स्पेस. ९१ लावलेला १२ आकडी नंबर एक्सेल आपल्या मनाने ई-प्लस-अकरा अशा गणिती रूपात दाखवतो, आणि तशीच फाईल सीएसव्ही (सीआरएममधे चढवायची साधी टेक्स्ट फाईल) म्हणून सेव्ह केली तर जे दिसतंय तेच सेव्ह होतं, शेवटचे आकडे कायमचे गेले. म्हणून आधी त्या कॉलमचा फॉरमॅट शून्य दशांशाचा नंबर करा, पूर्ण आकडे दिसतायत ना बघा, मगच सेव्ह. शीटमधे मराठी मजकूर असेल तर साधं सीएसव्ही न घेता सीएसव्ही यूटीएफ-८ हा पर्याय घ्या, नाहीतर इम्पोर्ट केल्यावर नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात.

तारखांचं पण बघा. ०३/०४ म्हणजे आपल्याला ३ एप्रिल, पण सॉफ्टवेअरची सेटिंग अमेरिकन असेल तर तो त्याला ४ मार्च समजतो, एररही देत नाही कारण दोन्ही तारखा खऱ्याच आहेत. आणि आपल्याकडे त्या दोन तारखा वेगवेगळ्या आर्थिक वर्षात पडतात म्हणजे वर्षाचे आकडेच चुकले. अकाउंट उघडल्या उघडल्या देश, टाइम झोन, तारखेची पद्धत, रुपया आणि आर्थिक वर्ष एप्रिलपासून, एवढ्या सेटिंग करून टाका, मगच पहिली फाईल चढवा. पहिली फाईल वीस ओळींचीच असू दे. ती नीट चढली, प्रत्येक कॉलम बरोबर जागी गेला, की मग बाकीची.

नावं कुठल्या लिपीत हा प्रश्न नेहमी येतो. पार्टीचं नाव जीएसटी सर्टिफिकेटवर जसं आहे तसंच इंग्रजी अक्षरांत ठेवा कारण एकाने मराठीत आणि दुसऱ्याने इंग्रजीत टाकलं की सर्च केल्यावर एकच सापडतं आणि मग नवीन डुप्लिकेट बनतं. नोट्स मात्र खुशाल मराठीत लिहू द्या, मोबाईलवर बोलून टाइप केल्या तरी चालेल, सेल्सवाला जितक्या सहज लिहील तितकं जास्त लिहील.

लीड, कॉन्टॅक्ट, अकाउंट, डील

नवीन माणूस या चार शब्दांत अडकतो. लीड म्हणजे अजून खात्री नसलेली चौकशी, इंडियामार्टवरून आलेला नुसता नाव-नंबर. बोलणं झालं, खरंच गरज आहे असं कळलं की लीड कन्व्हर्ट करायची, मग त्यातून तीन गोष्टी बनतात, अकाउंट म्हणजे कंपनी, कॉन्टॅक्ट म्हणजे तिथला माणूस, आणि डील म्हणजे हा ठराविक सौदा. एका अकाउंटला पाच कॉन्टॅक्ट असू शकतात, परचेस, मेंटेनन्स, अकाउंट्स, आणि वर्षभरात सात डील होऊ शकतात. माणूस नोकरी बदलून दुसऱ्या कंपनीत गेला तर त्याचं जुनं रेकॉर्ड पुसू नका, जुन्या ठिकाणी सोडून गेला अशी नोंद करा आणि नवीन कंपनीखाली नवीन कॉन्टॅक्ट बनवा. ओळखीचा मेंटेनन्स मॅनेजर नवीन प्लांटला गेला म्हणजे तिथे आपल्याला दार उघडलं.

डीलच्या स्टेज सॉफ्टवेअरने आधीच दिलेल्या असतात, त्या तशाच ठेवू नका. मघाच्या कागदावरून आपल्या टाका. आपल्या डीलरसाठी या पुरतात: गरज कळली, साईट व्हिजिट झाली, कोटेशन दिलं, भावाची बोलणी, पीओ आली, आणि हातातून गेली. प्रत्येक स्टेजची खूण ठरलेली पाहिजे आणि ती आपल्याला काय वाटतं यावर नको, काय घडलं यावर पाहिजे. "पार्टी इंटरेस्टेड आहे" ही स्टेज नव्हे. "कोटेशन ईमेलने गेलं" ही स्टेज, कारण ते झालंय की नाही यावर वाद होत नाही.

हातातून गेलेल्या डीलला कारण टाकणं सक्तीचं करा आणि कारणांची यादी छोटी ठेवा. भाव जास्त, डिलिव्हरी लांब, जुन्या सप्लायरकडेच गेले, काम पुढे ढकललं, पार्टीने उत्तर दिलं नाही. "इतर" हा पर्याय देऊच नका, दिला की सगळं तिथेच जातं.

पुढची तारीख

सगळ्या लेखातलं एकच लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. चालू असलेल्या प्रत्येक डीलवर पुढचं काम आणि त्याची तारीख असलीच पाहिजे. ज्या डीलवर पुढची तारीख नाही ती चालू नाहीच, ती नुसती यादीत पडून आहे.

पार्टी म्हणते "बघून सांगतो". सेल्सवाला ठीक आहे म्हणून फोन ठेवतो आणि विषय तिथेच संपतो. त्याऐवजी तिथल्या तिथे विचारायचं, "मग पुढच्या गुरुवारी फोन करू का?" आणि फोन ठेवायच्या आधी गुरुवार टाकायचा. पार्टी म्हणाली दिवाळीनंतर बघू, तर भाऊबीज झाल्यावरच्या सोमवारची तारीख टाका, नोटमधे लिहा की बजेट दिवाळीनंतर सुटणार आहे. गुरुवारी सकाळी ॲप उघडलं की आज कुणाला फोन करायचेत ती यादी समोर. सेल्सवाल्यासाठी सीआरएमचा खरा उपयोग हाच आहे, लक्षात ठेवायचा भार उतरतो. सॉफ्टवेअरमधे एक व्ह्यू म्हणजे गाळलेली यादी बनवा, चालू डील ज्यांच्यावर पुढचं काम नाही, आणि रोज संध्याकाळी तो रिकामा असला पाहिजे हा नियम करा. मी बघितलंय, ज्या ऑफिसात हा एक नियम पाळला जातो तिथे बाकीचा डेटा आपोआप सुधारतो, कारण तारीख टाकायला डील उघडावी लागते आणि उघडली की स्टेज, रक्कम पण नीट केली जाते.

आता आकडे

महिना-दोन महिने डेटा नीट भरला गेला की मगच रिपोर्ट. सुरुवातीला चार-पाच आकडे पुरे: किती इन्क्वायऱ्या आल्या, त्यातल्या कितींना कोटेशन गेलं, कोटेशनमधल्या किती ऑर्डर झाल्या, सरासरी ऑर्डर किती रुपयांची, आणि कोटेशनपासून पीओपर्यंत सरासरी किती दिवस.

समजा तीन महिन्यांत १२० इन्क्वायऱ्या आल्या, ७२ कोटेशन गेली, १८ ऑर्डर झाल्या. म्हणजे इन्क्वायरीतल्या ६० टक्क्यांना कोटेशन आणि कोटेशनमधल्या २५ टक्के ऑर्डर. सरासरी ऑर्डर अडीच लाखांची. आता मालक म्हणतात महिन्याला ३० लाखांचा धंदा पाहिजे. ३० लाख भागिले अडीच म्हणजे १२ ऑर्डर. १२ ऑर्डरला ४८ कोटेशन. ४८ कोटेशनला ८० इन्क्वायऱ्या. आत्ता महिन्याला येतायत ४०. म्हणजे टार्गेट गाठायचं तर एकतर इन्क्वायऱ्या दुप्पट करा किंवा ते २५ टक्के वाढवा, "जोर लावा रे" म्हणून काही होणार नाही. हे गणित सगळ्या टीमसमोर फळ्यावर मांडा, टार्गेटवरची अर्धी भांडणं तिथेच मिटतात कारण कुणाच्या हातात काय आहे ते दिसतं.

एक सापळा आहे त्यात पडू नका. या महिन्याच्या ऑर्डरींना या महिन्याच्या इन्क्वायऱ्यांनी भागू नका. कोटेशनपासून पीओपर्यंत ४५ दिवस लागत असतील तर आजच्या ऑर्डरी दीड-दोन महिन्यांपूर्वीच्या इन्क्वायऱ्यांच्या आहेत. जानेवारीत आलेल्या इन्क्वायऱ्या घ्या आणि त्यांचं आजपर्यंत काय झालं ते बघा, असंच. नाहीतर मार्च एंडला ऑर्डरींची रांग लागते आणि सगळ्यांना वाटतं कन्व्हर्जन (इन्क्वायरीच्या ऑर्डर होण्याचं प्रमाण) सुधारलं, आणि एप्रिलमधे घसरलं म्हणून सेल्सवाल्याला बोलणी बसतात, दोन्ही खोटं.

दुसरं म्हणजे सॉफ्टवेअर प्रत्येक स्टेजला टक्के लावून पुढच्या महिन्याचा अंदाज दाखवतं. ते टक्के सॉफ्टवेअरवाल्यांनी टाकलेले आहेत, तुमच्या धंद्याचे नाहीत. तुमच्याकडे कोटेशन दिल्यावर चारातली एक डील होत असेल तर तिथे २५ टाका, मगच त्या अंदाजावर माल मागवा.

आकडे माणसानुसार बघाल तेव्हा सांभाळून. एकाकडे इंडियामार्टच्या लीड आणि दुसऱ्याकडे जुन्या पार्ट्या असतील तर दोघांच्या टक्केवारीची तुलना अन्यायाची आहे. आधी इन्क्वायरी कुठून आली त्यानुसार आकडे वेगळे करा. हे केल्यावरच कळतं की लीडसाठी भरलेले पैसे वसूल होतायत का.

सीआरएममधलेच रिपोर्ट बऱ्याच दिवस पुरतात. पुढे टॅलीची विक्री आणि सीआरएमचे आकडे एकत्र बघायचे असतील तर गूगलचं लुकर स्टुडिओ हे रिपोर्ट बनवायचं सॉफ्टवेअर फ्री आहे, मायक्रोसॉफ्टचं पॉवर बीआय डेस्कटॉप पण विंडोजवर फ्री आहे, फक्त त्यातला रिपोर्ट टीमला ऑनलाईन शेअर करायला पैसे लागतात.

एएमसी आणि उधारी

नवीन मशीनच्या मागे धावताना जुन्या पार्ट्या विसरल्या जातात, आणि डीलरशिपमधे बऱ्यापैकी पैसा सर्व्हिस आणि स्पेअर्समधेच असतो. प्रत्येक विकलेल्या मशीनची एन्ट्री करा, मॉडेल, सिरीयल नंबर, कुठल्या साईटवर, वॉरंटी कधी संपते, एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) कधी संपते. मग वॉरंटी संपायच्या ६० दिवस आधी सेल्सवाल्याला आपोआप टास्क पडेल असं ऑटोमेशन लावा. सर्व्हिस इंजिनीअरला पण ॲप द्या, कारण मशीनची हालत आणि पार्टीचा मूड त्यालाच सगळ्यात आधी कळतो, "ऑइल सेपरेटर दोन महिन्यांत बदलावा लागेल" एवढी एक ओळ त्याने टाकली तरी ती पुढची विक्री आहे.

उधारीसाठी टॅलीतून बिल्स रिसीव्हेबलचा रिपोर्ट आठवड्याला एकदा एक्सेलमधे काढा आणि ३०, ६०, ९० दिवसांच्या वर किती अडकलेत ते अकाउंटच्या रेकॉर्डवर टाका. सुरुवातीला हाताने केलं तरी चालतं. नवीन कोटेशन देणाऱ्याला समोर दिसलं पाहिजे की या पार्टीकडे चार लाख ९० दिवसांच्या वर आहेत, म्हणजे तो ॲडव्हान्स मागूनच बोलेल.

माणसं

सेल्सवाल्यांना वाटतं आपल्यावर नजर ठेवायला हे आणलंय, आणि त्यांचं वाटणं समजून घ्या. पहिल्या दिवशी जीपीएस ट्रॅकिंग चालू करू नका. पहिल्या महिन्यात भरायच्या गोष्टी पाचच ठेवा: पार्टी, माणूस, काय पाहिजे, अंदाजे रक्कम, पुढची तारीख. आणि मालकांकडून एक शब्द घ्या, सोमवारची मीटिंग फक्त सीआरएमच्या स्क्रीनवर होईल, वेगळी एक्सेल शीट कुणी मागणार नाही. मालकांनीच "ते राहू दे, तू तोंडी सांग" म्हटलं की त्या दिवसापासून कुणी काही भरणार नाही. इन्सेंटिव्हचा हिशोब पण सीआरएममधल्या डीलवरूनच करा.

किल्ल्या आणि कायदा

सुपर ॲडमिनचं लॉगिन कंपनीच्या ईमेलवर असू दे, सेटअप करून देणाऱ्याच्या किंवा एखाद्या कर्मचाऱ्याच्या पर्सनल जीमेलवर नको. टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावा. सगळा डेटा एक्सपोर्ट करायचा हक्क एक-दोन जणांनाच. कुणी नोकरी सोडली तर त्याच दिवशी युजर बंद करा, पण डिलीट करायच्या आधी त्याच्या सगळ्या डील आणि टास्क दुसऱ्याच्या नावावर करा.

डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा २०२३ मधे झालाय, त्यामुळे लोकांचे नंबर कुठून आले आणि कशासाठी वापरतोय याची नोंद आत्तापासून ठेवा, विकत घेतलेल्या नंबरांच्या याद्या सीआरएममधे चढवू नका. धंद्याचे एसएमएस पाठवायचे तर ट्रायच्या (टेलिकॉम नियामकाच्या) नियमाप्रमाणे टेलिकॉम कंपन्यांच्या डीएलटी पोर्टलवर कंपनी, हेडर (मेसेज पाठवणाऱ्याचं नाव) आणि टेम्प्लेट (मेसेजचा ठरलेला मजकूर) रजिस्टर करावं लागतं. सीआरएममधून व्हॉट्सॲप पाठवायला बिझनेस एपीआय (दुसऱ्या सॉफ्टवेअरला व्हॉट्सॲप जोडायची सोय) लागतो, फोनमधलं साधं बिझनेस ॲप वेगळं, आणि पार्टीच्या शेवटच्या मेसेजला २४ तास होऊन गेले की मंजूर टेम्प्लेटच पाठवता येतो. पार्टीने "मेसेज नको" म्हटलं की रेकॉर्डवर तशी टिक करा आणि ती टिक प्रत्येक यादी काढताना पाळा.

दर महिन्याच्या पहिल्या कामाच्या दिवशी सगळा डेटा एक्सपोर्ट करून ऑफिसच्या ड्राइव्हवर ठेवायचं काम ताईंच्या नावाने रिपीट टास्क म्हणून लावा, आणि मधे एकदा ती फाईल उघडून बघा की पूर्ण आहे ना.